पुठ्ठ्याचं टेबल

जर्मनीतल्या नेकारसुल्मचं घर सोडायचं ठरलं ते माझ्या नोकरीमुळे. इतकी वर्षं आम्ही नवऱ्याच्या कामाच्या गावात राहत होतो. आता मला कोलोनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मनासारखं काम मिळालं होतं. नवऱ्यानेही तिकडेच दुसरी नोकरी शोधली, आणि त्याला माझ्याआधी रुजू व्हायचं होतं म्हणून तो पुढे गेला. तिथे तो एका भाड्याच्या खोलीत राहायचा, शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा आणि रविवारी परत जायचा. मागे राहिलो आम्ही तिघं: मी, तिसरीतली मुलगी आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे.

घर आवरायची जबाबदारी मी आपणहून घेतली. माझ्यामुळे सगळे हलत होते, असं कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला ते सारखं जाणवत होतं. त्यामुळे काही फुटू द्यायचं नाही, काही खरचटू द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. सोफा, पलंग, कपाटं यांची मला काळजी नव्हती. स्क्रू काढले की त्यांच्या फळ्या होतात, आणि त्या फळ्या एकावर एक रचता येतात. प्रश्न एकाच वस्तूचा होता, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाचा.

ते टेबल बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, केलेलं. सासूबाई गेल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले तेव्हाची गोष्ट. भाषा येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. दिवसभर काय करायचं म्हणून ते पायी भटकायचे. एक दिवस त्यांना बाउमार्क्ट सापडलं. लाकूड, हत्यारं, रंग सगळं मिळतं असं ते मोठं दुकान. बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये गेलेली. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो करायचं त्यांचं काम. त्या दुकानात ओकच्या फळ्यांवरून हात फिरवत ते बराच वेळ उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन परत गेले.

आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला एक छोटी खोली होती. तिथे त्यांनी टेबलाचे भाग तयार केले. पहिल्या मजल्यावर एक वयस्क जर्मन बाई एकट्या राहायच्या. त्या एकदा खाली जाऊन त्यांना घड्याळ दाखवून आल्या, कारण दुपारच्या विश्रांतीच्या वेळात करवत चालवायची नसते. बाबांनी मान डोलवली आणि मग रोज सकाळीच काम केलं. सगळे भाग झाल्यावर ते एकेक करून तिसऱ्या मजल्यावर आणले आणि मुलीच्या खोलीत जोडले. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही. एका लाकडाला जिभेसारखा भाग काढायचा, दुसऱ्याला त्याच मापाची खाच पाडायची आणि सरस लावून ठोकून बसवायचं. मागच्या बाजूला पुस्तकं ठेवायच्या फळ्यांचा उभा मांड होता, तोही टेबलाशी एकजीव केलेला. म्हणजे ते टेबल पूर्ण होऊन कधी जिन्यातून गेलंच नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी बाबांना कंपवात असल्याचं कळलं. आता चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे, आणि बाहेरचं कोणी आलं की चहा नकोच म्हणायचे.

मी नवऱ्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, "ते टेबल उघडता येत नाही ना?"

"नाही."

"मग उतरणार कसं? जिन्याच्या वळणावर अडकेल. जोर लावला तर मोडेल."

"खिडकीला बाहेरून लिफ्ट लावून सामान उतरवणारे असतात, त्यांना फोटो पाठवते."

पाठवले. त्यांचं उत्तर आलं की खिडकीच्या मधला उभा दांडा पक्का आहे, त्यातून ही वस्तू बाहेर पडणार नाही. नवरा म्हणाला, "बघ, मी सांगतोय. कोणाला तरी देऊन टाकू. इथे आपण तिला छान टेबल घेऊ."

फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तो बरोबर बोलतोय. लाकूडच आहे. चार वर्षं वापरलं, काम झालं त्याचं."

मी वाद घातला नाही. पण पुण्याचं घर सोडताना आम्ही आठवडाभरात सगळं विकून मोकळे झालो होतो. लग्नात घेतलेला पलंग, माझं कॉलेजपासूनचं कपाट, सगळं. तेव्हा प्रत्येक वस्तूबद्दल कोणी ना कोणी हेच म्हणालं होतं, की तिकडे नवीन घेता येईल. घेतलंही. हे टेबल मात्र नवीन मिळणार नव्हतं, कारण ते करणारे हात आता कपही नीट धरू शकत नव्हते. हे मी बाबांसमोर बोलू शकत नव्हते. म्हणून मी नुसतं म्हटलं, "आधी बघू तरी, जातंय का."

"बघायचं म्हणजे काय?" बाबांनी विचारलं. "उचलून नेलं आणि मधे अडकलं तर वर पण येणार नाही."

तेव्हा मला ते सुचलं. टेबल न्यायच्या आधी पुठ्ठ्याचं टेबल न्यायचं. त्याच मापाचं, पाय आणि मांड धरून. ते गेलं तर हे जाईल.

घरात सामानासाठी आणलेली खोकी होतीच, आणि जवळच्या दुकानातून फ्रीजची दोन मोठी रिकामी खोकी मागून आणली. मी मापं घेतली, मुलीने पेन्सिलने रेघा मारल्या, आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून कापायला लागलो. बाबा वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण त्यांचं लक्ष आमच्याकडेच होतं. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"अगं, आतून आडव्या पट्ट्या दे," ते म्हणाले. "नुसता पुठ्ठा वळणावर वाकेल. तुला वाटेल गेलं, आणि खरं टेबल जाणार नाही."

मी पट्ट्या दिल्या. मग त्यांनी पाय किती आत घेतलेत ते सांगितलं, मांडाची कड किती पुढे येते ते सांगितलं. माप त्यांना आठवत होतं, मी टेप लावून पाहिलं तर तेवढंच निघालं. दुपारपर्यंत मुलीच्या खोलीत दोन टेबलं उभी होती, एक ओकचं आणि एक पुठ्ठ्याचं. मुलीने पुठ्ठ्याच्या टेबलावर तिचं दप्तर ठेवून बघितलं. मधोमध खळगा पडला.

आम्ही पुठ्ठा उचलला. दारातून आडवा करून निघाला. तिसऱ्या मजल्याचं वळण, दुसऱ्याचं वळण, दोन्ही जमली. टेबल उभं करून, पाय भिंतीकडे ठेवून, मांडाची बाजू वर उचलून फिरवावं लागायचं, पण जमायचं. पहिल्या मजल्यावर मात्र अडकलं. तिथे भिंतीवर विजेच्या मीटरांची लोखंडी पेटी होती. ती वीतभर पुढे आलेली, आणि तिथेच पायाचा कोपरा जाऊन बसायचा. आम्ही चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. एका कोपऱ्याची पट्टी चुरगळली.

"आई, गेट निश्ट," मुलगी म्हणाली. जात नाही म्हणे. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण ती उत्तर जर्मनमध्येच द्यायची.

"जाईल," मी म्हटलं. "पुन्हा धर."

पुठ्ठा कठड्याला घासल्याचा आवाज झाला आणि समोरचं दार उघडलं. त्याच बाई. आमचा आणि त्यांचा संबंध म्हणजे जिन्यातलं 'नमस्कार, बरं आहे ना' आणि केअरवॉखे. केअरवॉखे म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. आमची पाळी झाली की बाई वाकून पायऱ्यांचे कोपरे बघायच्या, हे आम्हाला ठाऊक होतं.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. घर बदलतोय, हे टेबलाच्या मापाचं खोकं आहे, खरं टेबल जाईल का ते बघतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, मीटरच्या पेटीकडे पाहिलं.

"भिंत नुकतीच रंगवली आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच पुठ्ठा आणला," मी म्हटलं.

त्यांनी दार लावून घेतलं. मी आणि मुलगी तिथेच पायरीवर बसलो. आणि बसल्या जागेवरून मला दिसलं की अडचण मीटरच्या पेटीची नव्हतीच, बंद दाराची होती. बाईंचं दार उघडं होतं तेव्हा समोरची जागा हातभर वाढली होती. टेबलाचे पाय दारातून आत गेले असते, तर मांडाची बाजू पेटीला न लागता वळली असती.

त्या बाईंनी इतक्या वर्षांत कोणाला घरात घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. पोस्टमन पार्सल द्यायला आला तरी त्या दाराच्या फटीतून घ्यायच्या. मी दोन मिनिटं विचार केला आणि बेल वाजवली.

"मला एक विचारायचं आहे," मी म्हटलं. "सामान हलवायच्या दिवशी सकाळी तुम्ही थोडा वेळ दार उघडं ठेवाल का? टेबलाचे पाय तेवढे आत येतील. आम्ही कोणी आत पाऊल टाकणार नाही."

"माझ्या घरात? टेबल?"

"फक्त पाय."

त्यांनी वरच्या जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तेच टेबल का, जे खाली केलं होतं? त्या गृहस्थांनी?"

मी हो म्हटलं.

"ते आता खाली जात नाहीत."

"त्यांचे हात थरथरतात," मी म्हटलं. दुसरं काही सांगायची गरज नव्हती.

बाईंनी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाल्या. "आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं तर, "आधी पुठ्ठा आणा." आम्ही पुठ्ठ्याचे पाय त्यांच्या दारातून आत घातले, मांड वर उचलून फिरवला, आणि पेटीपासून दोन बोटं अंतर ठेवून पुठ्ठा मोकळा झाला. खालपर्यंत गेला. मुलगी तळमजल्यावरून ओरडत आजोबांना सांगायला वर धावत सुटली. बाईंनी तिला जिन्यात धावायचं नाही म्हणून सांगितलं.

पुढचे दिवस बांधाबांधीचे. भांडी, पुस्तकं, कपडे हे मी उरलेल्या वेळात भरत गेले, पण टेबलाला एक पूर्ण सकाळ दिली. जाड रजया भाड्याने आणल्या होत्या. मी आधी सरळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळणार होते. बाबा म्हणाले, "तेल दिलेल्या लाकडाला प्लॅस्टिक चिकटवू नको. आत दमट होतं, डाग पडतात." म्हणून आधी सुती चादर, मग रजई, आणि फिल्म सगळ्यात बाहेरून. चिकटपट्टी लाकडाला कुठेच लागू द्यायची नाही, ती रजईवरच. पायांसाठी मला बाउमार्क्टमध्ये बरी गोष्ट सापडली. गरम पाण्याच्या पाइपांवर बसवायच्या फोमच्या नळ्या, एका बाजूने चिरलेल्या. त्या पायांवर नेमक्या बसल्या. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या केल्या. त्या मी त्या पुठ्ठ्याच्या टेबलातूनच कापून काढल्या.

रजई गुंडाळताना एका जागी ती सारखी घसरत होती. बाबा उठून आले. त्यांनी दोन्ही तळवे रजईवर ठेवले आणि अंगाचा भार दिला. हात दाबून ठेवले की त्यांची थरथर थांबायची. "ओढ आता," ते म्हणाले. मी फिल्म ओढली. मग आम्ही पूर्ण टेबल तसंच केलं. ते दाबून धरायचे, मी गुंडाळायची. टेबल देऊन टाकायचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

शुक्रवारी नवरा व्हॅन घेऊन आला. शनिवारी सकाळी त्याचे दोन जुने सहकारी मदतीला आले, दोघेही आपल्याकडचेच इंजिनीअर. टेबल सगळ्यात आधी न्यायचं, म्हणजे व्हॅनमध्ये आतल्या भिंतीला टेकवून पट्ट्यांनी बांधता येईल, असं मी सांगितलं.

"अगं, आधी बाकीचं उतरवून हात मोकळा करू," नवरा म्हणाला.

"नाही. दमल्यावर हात सुटतात. आधी टेबल."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. चौघांनी टेबल उचललं. ओकचं वजन काय असतं ते पुठ्ठ्याने सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावरच आम्हाला दोनदा टेकावं लागलं. मी पुढे होते आणि कुठे उचलायचं, कुठे फिरवायचं ते सांगत होते, कारण तो जिना मी पुठ्ठ्याबरोबर उतरले होते. बाबा वरच्या कठड्याला धरून उभे होते.

पहिल्या मजल्यावर आलो तर दार उघडं होतं. बाईंनी आतला गालिचा गुंडाळून ठेवला होता. कोट टांगायचा स्टँड आत नेला होता. दाराच्या चौकटीला त्यांनी स्वतःची एक जुनी चादर घडी करून बांधली होती, आणि जिन्याच्या कठड्याच्या गोल लाकडी टोकावर, जिथे रजई अडकून फाटली असती, तिथे एक लोकरीची टोपी घातली होती. मला त्या टोकाचा विचारच सुचला नव्हता. बाई स्वयंपाकघराच्या दारात हात बांधून उभ्या होत्या.

"पाय आत," मी म्हटलं. "आता मांड वर. अजून. आता फिरवा."

नवऱ्याचा श्वास फुलला होता. "पेटी," तो म्हणाला, "पेटी लागतेय."

"नाही लागत. दोन बोटं आहेत. फिरव."

एक क्षण टेबल अर्धं त्यांच्या घरात आणि अर्धं जिन्यात होतं. मग ते सरकलं.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. अगदी बरोबर, अशा अर्थाने. तेवढंच बोलल्या. आम्ही खाली पोचेपर्यंत त्यांनी टोपी काढून घेतली होती.

सगळं भरून झाल्यावर मी वर जाऊन जिना झाडला, पुसला. कोपरेही पुसले. निघताना बाबा पहिल्या मजल्यावर थांबले. बाई दारात होत्या. बाबांना जर्मन येत नव्हतं, त्यांना मराठी. बाबांनी हात जोडले. बाईंनी त्यांच्याकडे बघून आधी मान लववली, मग त्यांनीही तसेच हात जोडले, जरा अवघडून.

कोलोनला पोचायला दुपार टळली. नवीन घर तळमजल्यावर होतं, म्हणून टेबल आत नेणं सोपं गेलं. मी सगळ्यात आधी तेच सोडलं. फिल्म, रजई, चादर. पाय ठीक, मांड ठीक, कोपरे ठीक. आणि पुढच्या कडेला, जिथे मुलगी हाताचं कोपर ठेवते, तिथे एक खड्डा. व्हॅनमधल्या पट्ट्याचं लोखंडी बक्कल नेमकं तिथे आलं होतं, आणि वाटेत कुठेतरी ब्रेक लागल्यावर रजईच्या दोन घड्यांमधून आत दाबलं गेलं होतं.

मी तिथेच खाली बसले. नवरा म्हणाला, "पट्टा मीच आवळला होता." मी म्हटलं, "आवळायला मीच सांगितलं होतं." 

बाबांनी चष्मा लावला, खड्ड्यावरून बोट फिरवलं. "तंतू तुटलेले नाहीत," ते म्हणाले. "नुसतं दबलंय. इस्त्री कुठल्या खोक्यात आहे?"

तिसऱ्या खोक्यात सापडली. त्यांनी मला एक सुती रुमाल भिजवून पिळायला सांगितला, तो खड्ड्यावर ठेवायला लावला आणि त्यावर गरम इस्त्रीचं टोक टेकवायला. वाफ निघाली. "उचल. बघ." खड्डा थोडा वर आला होता. पुन्हा रुमाल, पुन्हा इस्त्री. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि आपल्या जागेवर येतं, असं ते मला सांगत होते, आणि मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. आणखी थोड्या वेळाने मी पुन्हा रुमाल ठेवायला गेले तर त्यांनी थांबवलं.

"पुरे आता. जास्त केलंस तर कड फुगेल."

बोटाला आता जवळपास काही लागत नव्हतं. तिरक्या उजेडात बघितलं तर एक फिकट ठसा दिसत होता. सुकल्यावर तेलाचा हात द्यायचा ठरलं.

नवऱ्याने टेबल खिडकीला लावलं होतं, उजेड डावीकडून येईल असं. मुलगी खुर्ची ओढून बसली, वहीवर हात ठेवला आणि म्हणाली की तिच्याच हाताची सावली पडतेय. ती डावखुरी. बाबा म्हणाले, "मग फिरवा. उजेड उजवीकडून यायला हवा हिला."

नवरा आंघोळीला गेला होता. मी एक बाजू धरली. मुलीने मांडाची बाजू धरली. बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग माझ्यासमोर येऊन फळीखाली दोन्ही हात घातले.

"एकदम उचलायचं," ते म्हणाले. "ओढायचं नाही. पायांचे जोड सैल होतात."

आम्ही उचललं. त्यांच्या बाजूला टेबल किंचित हलत होतं. मी माझी बाजू घट्ट धरून ठेवली आणि आम्ही हळूहळू वळलो. दोनदा टेकवलं. तिसऱ्यांदा ते पलीकडच्या भिंतीला जाऊन बसलं. मुलगी परत खुर्चीत बसली, वहीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"आता बरं आहे," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, आजोबांना कळावं म्हणून.